दोन प्रती हव्यात

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे न देता माझा पहिलावहिला कवितासंग्रहच वाण म्हणून दिला. होत्या नव्हत्या त्या सगळ्या प्रती बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीतच संपल्या. आणि रथसप्तमी उलटल्यावर कळलं, की एका साहित्य पुरस्कारासाठी संग्रहाच्या दोन प्रती द्यायच्या आहेत आणि उद्या शेवटची तारीख आहे.

"दिलेलं वाण कुणी परत मागतं का?" आमचे हे म्हणाले. खरंच होतं ते. पण मी सकाळची पोथी उरकली, देवाची क्षमा मागितली आणि जिने चढले.

शर्मिलावहिनी दारातच म्हणाल्या, "अहो, निम्मंच झालंय वाचून. आत्ता नका ना नेऊ."

वरच्या मजल्यावरच्या गोडबोलेकाकू म्हणाल्या, "माझ्या तर उशाशीच असतं. एक कविता वाचली, की लगेच झोप लागते."

पुढच्या दारांतही तेच. कुणाच्या हातातलं पुस्तक ओढून घ्यायला मन होईना. पुरस्कार नाही तर नाही, एवढे वाचक दिले देवानं, असं म्हणत समाधानानं घरी आले.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावत होते, तेवढ्यात तळमजल्यावरची ऋजुता आली. माझं हळदीकुंकू झाल्यावर ती इथं राहायला आली, म्हणून तिला एकटीलाच माझं पुस्तक द्यायचं राहिलं होतं.



"काकू, तुमचं पुस्तक शोधताय ना? मला सहा घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तेच मिळालंय. किती प्रती देऊ?"