वाचनाचं वय

"जन्मतारीख नको," शलमोन सर म्हणाले. "वाचनाचं वय सांगा."

दारातली बाई गोंधळली. नगरच्या सावेडीतल्या या पुस्तकांच्या खोलीत नवखा माणूस हमखास गोंधळायचा. मग सरांनी नेहमीचं पुराण लावलं. मूल दहा वर्षांचं असलं, तरी घरात कुणी वाचून दाखवलं नसेल तर पुस्तकापुढे ते तीनचंच असतं. त्याच्या हातात दहाचं पुस्तक कोंबलं की ते धसका घेतं आणि आईबाप म्हणतात, आमच्या कार्ट्याला गोडीच नाही. म्हणून इथे खरं वय विचारायचं नाही. नावही नाही. नावामागून आडनाव येतं आणि आडनावामागून बाकीचं सगळं. पुस्तक समोर धरलं की काय होतं, एवढंच सांगायचं.

"मग दोनचं धरा," बाई म्हणाली. "चित्र वळखतं. नाव येत न्हाई तोंडात."

सरांनी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक काढून दिलं. एका पानावर एकच चित्र. गाय, बादली, चमचा. शिकवायचं नाही, त्यांनी ताकीद दिली. जवळ बसवायचं, चित्रावर बोट ठेवायचं, नाव आपण घ्यायचं. चुकलं तर हसायचं नाही आणि घाई तर अजिबात करायची नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी घराची वरची खोली पोरांना देऊन टाकली होती. पत्नी रोझी केव्हाच देवाघरी गेली होती. मुलगा एडविन होता, पण नसल्यासारखा. मास्तरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्याने टेम्पो घेतला, वर चर्चबाहेरच्या, कुणा शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न ठरवलं. सर लग्नाला गेले नाहीत. मागून 'लग्नाचा फोटो' असं वर लिहिलेलं पाकीट आलं, तेही त्यांनी न फोडताच परत धाडलं. शेवटचं कानावर आलं तेव्हा एडविन चाकणला होता. त्याला मूलबाळ आहे की नाही, हेही सरांना ठाऊक नव्हतं. आपल्याच हाताने दोर कापल्यावर विहिरीत डोकावून काय उपयोग, असं ते स्वतःला बजावत आणि तरी रोज डोकावत.

बाई सध्या राहात्याला, माहेरी राहत होती. दर महिन्याला दवाखान्याच्या कामाने नगरला यायची, तेव्हा पुस्तक बदलून न्यायची. दिवाळीच्या आत लेकरू चारच्या पुस्तकावर आलं. या वयाला सर तीच ओळ फिरून फिरून येणाऱ्या गोष्टी देत. ऐकून ऐकून ओळ पाठ होते आणि एक दिवस वाचणारा मध्येच थांबला, की ऐकणारं ती पुरी करतं. तसंच झालं. बाई सांगायला आली तेव्हा तिला धड बोलवेना. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सहाच्या पुस्तकापाशी मात्र गाडं अडलं. मोठी अक्षरं, पानावर दोनच ओळी, तरी लेकरू पुस्तक भिरकावून द्यायचं. शब्द डोळ्यांना दिसायचा, ओठांवर यायचा नाही, मग स्वतःवरच चिडून रडायचं. बाईने पुस्तक टेबलावर ठेवलं. आता पुरे, उगीच त्याच्या जिवाला त्रास, असं ती म्हणाली.

सर चपापले. या न पाहिलेल्या लेकराने त्यांना लळा लावला होता. चाकणच्या एखाद्या खोलीतही असंच एखादं असेल, त्याला पुस्तक कोण देत असेल, या विचाराशिवाय त्यांचा दिवस मावळत नव्हता. हे वाचायला लागलं तर तिकडचंही वाचत असेल, अशी वेडी गाठ त्यांनी मनाशी बांधली होती.

"याला वडील वाचून दाखवतात का?" त्यांनी विचारलं.

"वडील लांब असत्यात त्याचे."

"फोनवर तरी?"

"न्हाई. राग हाय त्यांचा."

"लेकरावर? कसला बाप म्हणायचा हा?"

सरांचा चढलेला आवाज आपोआप खाली आला. एडविन लहान असताना ते स्वतः परक्या पोरांच्या वह्या तपासत बसत आणि हा गोष्टीची वाट बघून बघून झोपी जायचा.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "रागावायला जन्म पडलाय. एक गोष्ट वाचून दाखवा म्हणावं. जे आपल्याला जमत नाही ते बापाच्या आवाजाने होतं कधी कधी."

"आले न्हाईत तर?"

"तर तुम्हीच त्याला घेऊन त्यांच्या दारात जा. लेकरू समोर उभं राहिल्यावर कोण दार लावतं?"

"तुमी लावलं नसतं?"

"आता नाही लावणार," ते म्हणाले.

बाईने टेबलावरचं पुस्तक उचलून पुन्हा पिशवीत टाकलं.

पुढच्या महिन्यात ती आली ती रिकाम्या हाताने. खोलीत पोरांचा गलका चालला होता. ती दारातच थांबली.

"लेकरू आणलंय, सर. खाली रिक्षात हाय. जिना न्हाई चढता येत त्याला."

म्हणून दवाखाना तर, सरांच्या लक्षात आलं. पायाने अधू असणार बिचारं. तरी त्यांचा आनंद मावेना. त्यांनी घाईघाईने केसांवरून हात फिरवला, सहाचं एव्हाना जमलं असेल म्हणून कोड्यांचं आठचं पुस्तक निवडलं आणि डब्यातली चिक्की रुमालात बांधून घेतली. बापाकडे नेलं की नाही, हे त्यांनी जिना उतरता उतरता विचारलं.

"तिकडंच निघालोय," बाई म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. परकं म्हातारं माणूस बघून लेकरू बुजू नये, म्हणून सर हसरा चेहरा करून लहान मुलाच्या उंचीइतके वाकले आणि त्यांनी आत डोकावून पाहिलं.

मागच्या सीटवर, कपाळापासून कानामागे गेलेला टाक्यांचा व्रण, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला आणि दाढीत पांढरे केस आलेला एडविन बसला होता.