आयता कॉम्प्युटर

खोकं दारातून आत यायला तयार नव्हतं. लेकीने ते आडवं केलं, ढकलत ढकलत बैठकीच्या मधोमध आणलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून दम खाल्ला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्लग लावा आणि खेळा. मास्तरांनी ते चष्मा न लावताही वाचलं.

खुर्चीतून उठायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. बावीस वर्षं एकाच दुकानात ते लोकांचे कॉम्प्युटर जोडत होते, म्हणून दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणत. आयता कॉम्प्युटर घेणाऱ्यांची त्यांना आजवर कीव येत असे. आता तसलंच एक खोकं त्यांच्या घरात येऊन बसलं होतं, आणि आणणारी पोटची पोर.

"आयता आणलास," ते म्हणाले.

"हो."

"जेवणाच्या टेबलावर सगळे पार्ट मांडून ठेवलेत. कुणासाठी आणले मी ते?"

"शनिवारी गेमिंगची स्पर्धा आहे माझी, बाबा."

"अगं, वरून नुसती दिव्यांची रोषणाई असते. आत हलकं सामान. सहा महिन्यांत पंखा घरघरायला लागतो, मग येतात आमच्याकडे तोंड पाडून." हे ते गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ऐकवत आले होते आणि त्यातलं निम्मं तरी खरं होतं. पण आज बोलण्यात जीव नव्हता, हे त्यांचं त्यांनाच कळलं. "एकच पार्ट यायचा राहिलाय. उद्या-परवा येईल."

लेक किल्लीने चिकटपट्टी कापत होती. ती थांबली.

"कुठला?"

मास्तरांना पटकन एक नाव सुचेना. ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी पन्नास नावं सांगितली असती, तो भिंतीकडे बघत बसला.

"मी मदरबोर्ड उघडून पाहिला, बाबा. सोमवारीच," ती म्हणाली. "पिना वाकल्यात."

मागच्या रविवारी ती बाहेर गेली असताना त्यांनी प्रोसेसर बसवायला घेतला होता. हे काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. मदरबोर्डवरच्या एका चौकोनात केसासारख्या बारीक पिना असतात, त्यांवर प्रोसेसर अलगद ठेवायचा, बस्स. ठेवताना हात थरथरला आणि एक कोपरा पिनांवर आदळला. चार पिना वाकल्या. सुईने सरळ करायला गेले, तर चाराच्या अकरा झाल्या. मग त्यांनी वरचं झाकण लावून टाकलं आणि घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

लाज तर वाटलीच होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, कारण हात काही फक्त घरीच थरथरत नव्हता. दोन महिने झाले, दुकानात प्रोसेसर बसवायची वेळ आली की ते शेजारी काम करणाऱ्या बाईंना म्हणत, "हे तुम्ही घ्या, मी वायरी बांधतो." बाई ते काम घेत. मालकाच्या अजून लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं की जोडणीच्या टेबलावरून उठावं लागणार, आणि टेबलावरून उठले की मास्तर तरी कशाचे?

"तेव्हाच का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली."

तिने खोक्याची झाकणं बाजूला केली.

"दुकानातल्या कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"नाही." मग तिने विचारलं, "तिथेही असंच होतंय का?"

मास्तर खोक्यावरची अक्षरं पुन्हा वाचू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटर बाहेर निघाला. त्याच्या बाजूच्या काचेवर एक सूचनेचा कागद चिकटवलेला होता. वाटेत धक्के बसू नयेत म्हणून आत फोम भरलाय, चालू करण्याआधी तो काढा.

"स्क्रू मी काढते," लेक म्हणाली. "फोम तुम्ही काढा."

मास्तर उठले, गुडघ्यांवर हात देत खाली बसले. तिने बाजूची काच काढून भिंतीला टेकवली. त्यांनी दोन्ही हात आत घालून फोमचा मोठा गठ्ठा ओढून काढला. एवढ्या ढोबळ कामाला हात थरथरला काय आणि नाही काय, सारखंच.

मग त्यांनी चष्मा लावला, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि खोट काढायला बसले. एकेक वायर बोटाने चाचपली. मागची बाजूसुद्धा उघडायला लावली. लोक आळस करतात तो तिथेच, कारण तिथे कुणी बघत नाही. तिथल्या वायरीही एका रेषेत बांधलेल्या होत्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांची टोकं साफ कापलेली होती. खाली कोपऱ्यात एक छोटा कागद होता. जोडणी आणि तपासणी, आणि पुढे कुणाची तरी घाईतली सही. त्या सहीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"कसं आहे?" लेकीने विचारलं.

"हात चांगला आहे."

ती प्लग घेऊन भिंतीजवळ उभी होती. मास्तरांनी बॅटरी विझवली.

"उद्या मालकांशी बोलतो," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर आता असा हात असलेला कुणीतरी बसवायला हवा."