हिंदू पाणी

पंजाबची फाळणी झाली आणि आमचं स्टेशन पाकिस्तानात गेलं. तिथं वीस वर्षं मी गाड्यांतल्या प्रवाशांना हिंदू पाणी पाजलं, फजलदीननं मुसलमान पाणी. आता मीच अमृतसरच्या गाडीत बसलो होतो.

फलाटावर फजलदीन एकटाच बादली घेऊन आला. दरवर्षी इथूनच हरिद्वारला जाणाऱ्या, आमच्या डब्यातल्या म्हाताऱ्या बेबेनं खिडकीतून विचारलं, "हिंदू पाणी कुठाय रे?"

"तुझ्या शेजारीच बसलंय, बेबे," फजलदीन म्हणाला.

मी म्हणालो, "पी, बेबे. आम्ही दोघं एकाच नळावर भरायचो."

घरदार सोडताना न रडलेल्या बेबेनं गळा काढला, "मेल्या, वीस वर्षं बाटवलंस मला!" आणि तोंड फिरवलं.

गाडी पुढे दोन दिवस पाण्याविना उन्हात रखडली.

अमृतसरला हिंदू पाणी मुबलक होतं. मी बेबेच्या तोंडात घातलं. ते गालावरून ओघळून गेलं.