हँडब्रेकचा दिवा

धम्मदीपच्या पिकअपच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा चालत्या गाडीत मधूनच लागायचा आणि आपोआप विझायचा. शेवटी वैतागून त्याने गाडी खारीतल्या बबन मिस्त्रीकडे नेली. शेजारच्या सीटवरून त्याचे वडील सहादेव उतरलेच नाहीत.

मिस्त्रीने ब्रेकचं तेल पाहिलं, वायर तपासली, मग मागचं चाक उघडलं.

"ब्रेकचे लायनर जळलेत. हँडब्रेक ओढून गाडी चालवतोस काय रे?"

"मी हँडब्रेकला हातपण लावत नाय. उभी केली की चाकाखाली दगड ठेवतो."

"मग भूत ओढतंय. दिवा लागतो कुठे?"

"वरसाव्याच्या उतारावर. रोज तिथेच."

बोलता बोलता धम्मदीप थांबला. त्याचा मोठा भाऊ गेल्या वर्षी त्याच उतारावर अपघातात गेला होता. तेव्हापासून बाबा रोज धम्मदीपसोबत गाडीत येऊन बसत होते.

मिस्त्रीने खिडकीतून आत पाहिलं. सहादेव उजवा हात मांडीखाली दाबून, मान खाली घालून बसले होते.

नवे लायनर बसले. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दिव्याची वायरच काढून टाकू का? कटकट नको."

"राहू दे," धम्मदीप म्हणाला. "लागू दे."

दुसऱ्या दिवशी वरसाव्याच्या उतारावर दिवा लागला. धम्मदीपने बाबांकडे पाहिलं नाही. त्याने गाडी हळू केली, तसा दिवा विझला.