गंजाचा रंग

खेळण्यातल्या नव्याकोऱ्या आगगाडीला काजळी-गंज फासून म्हातारं करण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझी धाकटी बहीण देवाघरी गेली, त्या हिवाळ्यात त्यांनी टेबलावरच्या छोट्या रेल्वेतल्या तिच्या लाडक्या स्टेशनाची लाईन बंद केली. त्या लाईनला वीज देणारी वायर उपटून खिशात घातली आणि रुळांवर गंजाचा रंग चढवला.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"चाकं घासली तरच रूळ चकाकतो. तिथं आता कोण जाणार?"

सकाळी त्या रुळांचा माथा लख्ख चकाकत होता.

"रंग तू पुसलास?" बाबांनी आईला विचारलं.

"मी कशाला पुसू? पहाटे गाडीचा आवाज आला, तेव्हा उलट बरं वाटलं. म्हटलं, तुम्ही परत खेळायला लागलात!"



बाबांचा हात खिशाकडे गेला. वायर तिथेच होती.