मोंडकरांची मर्यादवेल

शेजारच्या पेडणेकरांचा गुलाब सकाळी सहापासून ओरडत होता, "पाणी! अहो, पाणी!" गावातल्या प्रत्येक झाडाच्या मुळाशी आता बोलकं यंत्र होतं, आणि त्यात आवाज आपल्या पसंतीचा घालता येई. रघुवीर मोंडकरांनी अंगणातल्या मर्यादवेलीला आपल्या गेलेल्या बायकोचा, कुमुदिनीचा, आवाज दिला होता. चूक एवढीच झाली, की ही वेल समुद्राकाठच्या कोरड्या वाळूतली. तिला पाणी मागायची सवयच नव्हती. चार महिने ती चकार शब्द बोलली नाही.

मग एकदा मोंडकरांच्या हातून अख्खी बादली सांडली आणि वेल म्हणाली, "पुरे हो आता!"

तेव्हापासून ते रोज तीन बादल्या ओतत.

यंत्रं तपासायला आलेल्या शाल्मलीने पिवळी पानं उलटून पाहिली. "आजोबा, मुळं कुजायला लागलीत हिची."

"पण बोलते गं ती."

"बोलते कसली, जीव जातोय तिचा. सुखात असली की ही गप्पच राहणार."

मोंडकर विचारात पडले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात कुमुदिनी गप्प बसली, की त्यांची धडगत नसे.

महिन्याभराने वेलीला जांभळं फूल आलं. मोंडकर बादली पालथी घालून तिच्यावर बसले. पलीकडे गुलाबाची कटकट चालूच होती.

"बरं आहे ना?" त्यांनी वेलीला विचारलं.

उत्तर आलं नाही. तेवढ्यावर समाधान मानून ते ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.