झुंबर गुरुजींची फियाट

स्टार्टर फिरत होता, इंजिनही फिरत होतं, पण गाडी पेट घेत नव्हती. स्नेहलनं किल्ली सोडली आणि खाली उतरली.

तिचं गॅरेज नाशिकला, अंबडमध्ये. जुन्या, मोडकळीला आलेल्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हेच तिचं काम. चांदवडच्या या पत्र्याच्या शेडमध्ये ती आज दुसऱ्यांदा आली होती. मागच्या वेळी प्लग काढून इंजिनात तेल सोडून गेली होती. आज कार्ब्युरेटर धुऊन झाला, नवी बॅटरी लागली, ताजं पेट्रोल घातलं. तरीही गाडी ढिम्मच.

दाराशी खुर्ची टाकून आक्काबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. फियाट त्यांच्या नवऱ्याची, झुंबर गुरुजींची. वस्तीतली पहिली चारचाकी. एकवीस वर्षांपूर्वी एका सकाळी ती चालू झाली नाही, ती नाहीच. गुरुजींना जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. टायर मातीत रुतले, दारांच्या खालच्या कडा गंजून चाळणी झाल्या, मागच्या सीटवर मांजर व्याली. महिन्यापूर्वी मुलगा गाडी भंगारात द्यायला निघाला, तेव्हा आक्काबाईंनीच कुणाकडून तरी नंबर मिळवून स्नेहलला फोन केला होता.

स्नेहलला एक कोडं सुटत नव्हतं. इतकी वर्षं पडून राहिल्यावर जे बिघडतं ते सगळं बिघडलं होतं. पण मुळात गाडी बंद का पडली, ते कुठं दिसत नव्हतं. उलट मालकानं तिला फार जपलेलं दिसत होतं.

“आजी, गुरुजींनी कुणा मिस्त्रीला दाखवली नव्हती का?”

“नाय. कुनाला हात लावू दिला नाय. दर रविवारी सोताच बॉनेट उघडून बसायचे. जाईस्तोवर. नऊ वर्षं.”

“आणि नऊ वर्षांत बिघाड सापडला नाही?”

आक्काबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

ठिणगीचं काम स्नेहलनं शेवटाला ठेवलं होतं. तिनं प्लगची वायर काढून पाहिली. ठिणगी नाही. मग डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या डबीचं, झाकण उघडलं. त्याच्या आत रोटर असतो, अंगठ्याएवढा. तो फिरतो आणि एकेका प्लगला वीज पोचवतो. तिथं रोटरच नव्हता. नुसता दांडा होता. आणि झाकणाच्या दोन्ही क्लिपा मात्र नीट लावलेल्या होत्या.

“यातला एक भाग कुणीतरी काढून घेतलाय,” ती म्हणाली.

“मी घेतलाय,” आक्काबाई म्हणाल्या.

त्या उठून घरात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या त्या रुमालात बांधलेला रोटर घेऊन. तपकिरी, छोटासा, एका कडेला झिजलेला. तो त्यांनी स्नेहलच्या हातावर ठेवला.

“त्यांना काचबिंदू होता. डॉक्टर म्हनले होते, गाडी चालवू नका. पन त्यांनी ते कुनाला सांगितलं नाय. मला डॉक्टरची चिठ्ठी सापडली. त्या साली तेरा ऑक्टोबरला आम्ही येवल्याला गेलो, मुक्तिभूमीवर. येताना मनमाडच्या पुढं रस्त्यात बैलगाडी होती. त्यांना दिसलीच नाय. अगदी टेकल्यावर ब्रेक मारला. नात माझ्या मांडीवर होती, तेजल. चार वर्षांची.”

“मग तुम्ही त्यांना बोलला नाहीत?”

“काय बोलू? अख्खी वस्ती त्यांना गाडीवाले गुरुजी म्हनायची. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाय. बाहेरगावी गाडी लावली की ते हाच तुकडा काढून खिशात टाकायचे, कुनी पळवू नये म्हनून. ते मी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे काढला.” त्या खुर्चीत बसल्या. “नऊ वर्षं मानूस त्या बॉनेटमधी डोकं घालून बसला. मी बाजूला बसून चहा द्यायची. रोज वाटायचं, आज सांगू. मग ते गेले. तुला बोलवलं ते गाडीसाठी नाय पोरी. कुनापाशी तरी बोलायचं होतं.”

स्नेहलनं रोटर पॉलिश पेपरनं घासला, दांड्यावर बसवला, झाकण लावलं. किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, मागून काळा धूर सोडला आणि चालू झाली. अख्खा पत्रा थरथरू लागला.

आक्काबाई गाडीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“कागदपत्रं कुठं आहेत, आजी? आरसी बुक लागेल.”

“पुढच्या कप्प्यात असतील. त्याची किल्ली त्यांच्याकडंच असायची. पुढं कुठं गेली, ठाऊक नाय.”

कप्प्याचं कुलूप गंजलं होतं. स्नेहलनं स्क्रू-ड्रायव्हरनं ते उचकटलं. आत आरसी बुक होतं, इन्शुरन्सचे जुने कागद होते आणि त्यांच्याखाली एक प्लास्टिकची पुडी. तोंडाशी पिन मारलेली, पिनेलाच दुकानाचं बिल टोचलेलं. पुडीत कोरा करकरीत रोटर होता.

तिनं बिल उजेडात धरलं. शाई उडाली होती, पण तारीख वाचता येत होती.

“तुम्ही काढला तो दिवस म्हणजे चौदा ऑक्टोबर, दोन हजार चार ना?”

“हो.”

“हा एकोणीस तारखेला घेतलाय. नाशिकहून. पाच दिवसांत त्यांना कळलं होतं, काय नाहीये ते.”

आक्काबाईंनी पुडी हातात घेतली. पिनेवरून बोट फिरवलं. पिन एकदाही निघालेली नव्हती. इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं स्नेहलला जेमतेम ऐकू आलं.

“म्हंजी गाडी मी एकटीनं नव्हती बंद ठेवली.”